अण्णा, बंदूक आणि चार इंच

जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर बंदुका ओळीने मांडलेल्या असतात ना, त्यातली सगळ्यात लांब नळीची बंदूक सगळ्यात आधी उचलली जाते. आखूड बंदुकीकडे आपणहून गेलेलं पोरगं मी अजून पाहिलेलं नाही. आमच्या घरात तर हा नियमच होता. "लांब नळीची दे रे," असं अण्णा स्टॉलवाल्याला सांगायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "नळी लांब तेवढा जोर जास्त. जंजिऱ्याची कलाल बांगडी बघितलीस ना?" बघितली होती. सात वर्षांच्या पोराला तेवढा पुरावा पुष्कळ होता.

अण्णा कॉलेजात असताना एनसीसीत होते. तिथे पॉइंट टू-टू रायफल चालवलेली, त्यामुळे बंदुकीच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. एसटीतून रिटायर झाल्यावर त्यांनी साताऱ्याच्या घराच्या परसात दहा मीटर टेपने मोजले, भिंतीला वाळूचं पोतं टेकवलं, पोत्यावर पुठ्ठा लावला आणि माळ्यावरची जुनी छऱ्याची बंदूक खाली काढली. संध्याकाळचा चहा झाला की दहा छर्रे. नऊ नाही, अकरा नाही. दहा झाले की गुण मोजायचे आणि एलआयसीच्या डायरीत लिहायचे. ७१, ६८, ७४. आई म्हणायची, "ह्यांची हजेरी आहे ती."

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अण्णांचा उजवा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर. शर्टाची बाही घालताना तोंड वाकडं व्हायचं, तिथे बंदूक काय ताणणार? दिवाळीला घरी गेलो तर बंदूक परत माळ्यावर आणि अण्णा संध्याकाळी सहालाच टीव्हीसमोर. मी सहज डायरी उघडली. जूननंतरची पानं कोरी होती. एकदम पोटात कसंतरी झालं. अण्णांनी स्वतःहून काही सोडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता योगायोग बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसळेने पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं, आणि ऑफिसातल्या आम्हा चौघांना अचानक आपण जन्मजात नेमबाज असल्याचा साक्षात्कार झाला. पुण्यातल्या एका क्लबात शनिवार-रविवारची बॅच लावली. तिघं दोन महिन्यांत गळाले, मी टिकलो. म्हटलं, चला, अण्णांशी बोलायला आता एक विषय आहे.

मग माझ्या डोक्यात ती ग्रेट आयडिया आली. अण्णांच्या पंचाहत्तरीला एक आखूड, हलकी, मॉडर्न छऱ्याची बंदूक द्यायची. कार्बाईन म्हणतात तशी. वजन कमी, खांद्याला त्रास कमी, डायरी पुन्हा सुरू. फुल टू सरप्राइज!

अण्णांनी खोका उघडला, बंदूक हातात घेतली, नळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे खेळणं आहे."

"अण्णा, आतलं मशीन जोरदार आहे."

"नळी बघ की. एवढीशी. छर्रा भिंतीपर्यंत जाईल का?"

पाच हजार मिळाले असते तर बरं झालं असतं, असा त्यांचा चेहरा. मी दुखावलो, हे खरं. पण त्याहून जास्त म्हणजे मला आता वादात जिंकायचं होतं. कारण तीनच आठवड्यांपूर्वी हाच प्रश्न मी आमच्या कोच मॅडमना विचारला होता आणि माझा फंडा एकदम क्लिअर झाला होता.

त्यांनी सांगितलेलं असं. पॉइंट टू-टूमध्ये दारू जळते. त्या जळण्यातून तयार झालेला गॅस गोळीला नळीभर ढकलत राहतो, म्हणून तिथे नळीच्या लांबीला बऱ्यापैकी अर्थ आहे. अण्णांचा एनसीसीतला अनुभव खोटा नाही. पण छऱ्याच्या स्प्रिंगवाल्या बंदुकीत दारू नसते. नळी मोडली की आतली स्प्रिंग आवळली जाते आणि तिच्यापुढचा दट्ट्या मागे अडकतो. चाप ओढला की दट्ट्या सुसाट पुढे येतो आणि समोरची मूठभर हवा चिमटीएवढ्या जागेत दाबतो. त्या दाबाने छर्रा सुटतो. बास. एकदाच काय तो धक्का. मागून नवी हवा येत नाही. छर्रा जसजसा पुढे सरकतो तसतशी त्याच्यामागची जागा वाढते आणि दाब पडतो. साधारण आठ-दहा इंचांत हवेचा सगळा दम संपलेला असतो.

स्कूटर बंद पडल्यावर मित्र मागून धक्का देतो ना, तसंच. मित्र पळतोय तोवर स्कूटरचा वेग वाढतो. तो धापा टाकत थांबला की पुढचा रस्ता कितीही लांब असला तरी वेग वाढायचा नाही, उलट कमीच होणार. नळीतही तेच. हवेचा दम संपल्यावर उरलेल्या नळीत छर्रा नुसता आतल्या आट्यांना घासत जातो. म्हणजे स्प्रिंगच्या बंदुकीला सोळा इंची नळी असो की बारा इंची, जोरात म्हणावा असा फरक नाही. झालाच तर लांब नळीत किंचित तोटाच.

"आणि आपल्या रेंजवरच्या रायफली?" मी विचारलं होतं.

त्यांचं गणित वेगळं. त्यात हवा आधीच सिलेंडरमध्ये भरून ठेवलेली असते, भरताना २०० बारपर्यंत. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज करा. चाप ओढला की झडप काही क्षण उघडी राहते आणि मोजून-मापून हवा येते. इथे धक्का देणारा मित्र एकटा नाही, अख्खी गँग आहे. त्यामुळे अशा बंदुकीत नळी वाढवली तर जोर खरंच वाढतो, पण तोही प्रत्येक इंचागणिक कमी-कमी. आणि गंमत म्हणजे ऑलिंपिकच्या १० मीटर एअर रायफलला हा वाढीव जोर नकोच असतो. अर्ध्या ग्रॅमचा, साडेचार मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने कागदाला भोक पाडतो. कागदाला अजून किती जोर लागणार?

हे सगळं मी अण्णांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बोलायला काय जातंय? दाखव."

दाखवायची तयारी मी करूनच आलो होतो. क्लबातल्या एका मित्राकडे हेच मॉडेल लांब नळीचं होतं. आतली स्प्रिंग तीच, दट्ट्या तोच, फरक फक्त नळीत. त्याची सोळा इंची, माझी बारा. ती बंदूक मी डिकीतून काढली. जोर मोजायला आमच्याकडे वेग मोजायचं यंत्र नव्हतं, पण बीएसएनएलच्या जमान्यातली जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी होती. आईने ती पाट म्हणून कपाटाच्या पायाखाली घातली होती.

"कपाट हललं तर बघा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि त्या बरण्यांच्या बाजूला तोंड करू नका. लोणच्याच्या आहेत."

डिरेक्टरी वाळूच्या पोत्याला टेकवली. दोघांनी चष्मे चढवले, कारण शिशाचा छर्रा कडक गोष्टीवरून उलटा येऊ शकतो आणि दहा मीटर म्हणजे काही लांब नाही. दोन्ही बंदुका मीच भरल्या, अण्णांच्या खांद्याला उगाच ताण नको म्हणून. लांब नळीचे पाच, आखूड नळीचे पाच. मग अण्णा खुर्चीवर बसले, जिभेला बोट लावून एकेक पान उलटत भोकं मोजू लागले. एसटीतल्या हिशेबाची सवय. कुठे घाई नाही.

दहा मिनिटांनी त्यांनी मान वर केली. फरक होता चार-दोन पानांचा, तोही कधी या बंदुकीच्या बाजूने, कधी त्या. "सारखंच आहे," ते म्हणाले. जरा वेळ गप्प बसले. पन्नास वर्षं उराशी धरलेली गोष्ट टेलिफोन डिरेक्टरीत निकालात निघाली होती. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तेवढा झाला नाही.

मग अण्णांनी डोळे बारीक केले. "बरं. जोराचं मान्य. नेमाचं काय?"

आता इथे मी सावध झालो, कारण कोच मॅडमनी हेही सांगितलं होतं आणि ते माझ्या सोयीचं नव्हतं.

निव्वळ नळी म्हणून बघितलं तर लांब नळी जास्त सरळ मारते असं नाही. छऱ्याला फिरकी द्यायची तर एवढी नळी पुरते. नेमासाठी महत्त्वाचं असतं ते नळी आतून किती एकसारखी आहे, तिच्या तोंडाची कड किती स्वच्छ आहे आणि छर्रा तिला किती मानवतो. तोंडाच्या कडेला एक बारीकसा टवका उडाला तर बाहेर पडणाऱ्या छऱ्याला हवा एका बाजूने ढोसते आणि नेम जातो, मग नळी हातभर असेना का.

पण बंदुकीवर दुर्बीण नसेल तर गोष्ट बदलते. आपण नेम धरतो मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आणून. माशी असते नळीच्या टोकाला. नळी लांब, तर खाच आणि माशी यांच्यातलं अंतर लांब. समजा, खाच आणि माशी जुळवताना आपली दहाव्या हिश्श्याची चूक झाली, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. डोळ्याला दिसणारही नाही अशी. दोघांत ४२ सेंटिमीटर अंतर असेल तर दहा मीटरवर ती चूक होते २.४ मिलिमीटर. अंतर ३२ सेंटिमीटर असेल तर तीच चूक होते ३.१ मिलिमीटर.

पाऊण मिलिमीटरने काय होतं? सगळं होतं! १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छऱ्याची कड त्याला शिवली की दहा. म्हणजे छऱ्याचा मध्य अडीच मिलिमीटरच्या आत हवा. २.४ म्हणजे दहा, ३.१ म्हणजे नऊ. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला ज्या शेवटच्या शॉटवर गोल्ड घेतलं, तो १०.८ होता. मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत. आपण ज्याला 'इतकंसं' म्हणतो, त्यात या लोकांचं अख्खं करिअर बसतं.

म्हणून रेंजवरच्या रायफली एवढ्या लांबलचक दिसतात. खरी नळी साधारण ४२ सेंटिमीटरचीच. तिच्या पुढे एक पोकळ नळकांडं चढवलेलं असतं आणि माशी त्याच्या टोकाला. छऱ्याला ते नळकांडं शिवतही नाही. ते आहे फक्त डोळ्यासाठी. मग खरी नळीच लांब का करत नाहीत? कारण चाप ओढल्यावरही छर्रा चार-पाच मिलिसेकंद नळीत असतो. तेवढ्यात तुम्ही हललात तर छर्राही हलला. नळी जितकी लांब तितका वेळ तो तुमच्या चुकांच्या ताब्यात. स्प्रिंगच्या बंदुकीत तर छर्रा आत असतानाच दट्ट्याच्या धक्क्याने बंदूक आधी मागे आणि मग पुढे उसळते. तिला आवळून धरलं की नेम गेलाच. कोच मॅडम म्हणतात तसं, चाप ओढल्यावर शॉट संपत नाही, सुरू होतो.

हे अण्णांना सांगितल्यावर त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे लांबच बरी."

"नेमाला. जोराला नाही."

"पण बरी."

"हो, पण तुमच्या खांद्यासाठी मी—"

"दे इकडे ती तुझी," अण्णा म्हणाले आणि माझी आखूड बंदूक त्यांनी मांडीवर घेतली. डाव्या हाताने दस्ता धरला, उजव्या हाताने नळीचं टोक धरून खाली ओढायला लागले. अर्ध्यावर आली. तिथे अडकली. कपाळावर घाम. त्यांनी अजून जोर लावला आणि एकदम "आई गं" म्हणून सोडली. नशीब, छर्रा घातला नव्हता आणि बोटं मध्ये नव्हती.

मी नुसता बघत राहिलो. आणि मग डोक्यात प्रकाश पडला, तोही असा की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली. मोडायच्या बंदुकीत नळी हीच तर तरफ! सातवीच्या विज्ञानात शिकलेली तरफ. तीच स्प्रिंग, तीच ताकद; पण तरफ आखूड केली की हाताला जास्त जोर लावावा लागणार. सोळा इंची नळी टोकाला धरून मोडायला समजा बारा किलोचा जोर लागत असेल, तर बारा इंची नळीला सोळा किलोचा लागेल. माझ्या बापाच्या दुखऱ्या खांद्यासाठी दुकानभर हिंडून, रिव्ह्यू वाचून, वजन तोलून मी नेमकी ताणायला जड बंदूक आणली होती. जोराचं सगळं गणित मला पाठ होतं. फक्त तो जोर आधी कोणाच्या तरी हातातून यावा लागतो, हे मी विसरलो होतो.

गेल्या दिवाळीला डायरी उघडली तेव्हाही असंच झालं होतं. अण्णांना काय हवंय ते मी ठरवून टाकलं. त्यांना विचारलं नाही. एक फोन केला असता, "अण्णा, नक्की दुखतं कुठे? उचलताना की ताणताना?" तरी पुरलं असतं. आम्ही दर रविवारी बोलतो. हवापाणी, पेट्रोलचा भाव, पुण्यातलं ट्रॅफिक. खांद्याबद्दल विचारलं की ते "बरंय" म्हणतात आणि मी ते लगेच मान्य करतो.

"ती लांब बघू," अण्णा म्हणाले.

"राहू द्या आता."

"बघू म्हटलं ना."

मी मित्राची बंदूक दिली. या वेळी दस्ता मांडीत रोवला, दोन्ही हात टोकाला घेतले, उजवा कोपर अंगालगत ठेवला. हळूहळू, श्वास सोडत ओढत गेले. खट्. दट्ट्या अडकला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. छर्रा घातला, नळी बंद केली, पुठ्ठ्यावर नेम धरला. पहिला छर्रा सहाला. दुसरा पाचला. तिसऱ्याला ते चाप ओढल्यावरही तसेच गाल टेकवून थांबले, दोन सेकंद. आठ. चौथा त्यांनी मारला नाही. "आज तीन पुरे," म्हणाले. खांद्याला हात लावून आत गेले आणि आतून आवाज आला, "अगं, माझी डायरी कुठे ठेवलीस?"

मित्राला फोन केला. त्याच्या गच्चीवरच्या छोट्याशा जागेत त्याला आखूडच सोयीची होती आणि त्याचा खांदा अठ्ठावीस वर्षांचा. अदलाबदली झाली. अण्णांच्या फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीलाही आम्ही बंदूक कशी ताणतात ते दाखवलं. ती आधी हसली, मग तिने आठवड्याला किती छर्रे चालतील ते ठरवून दिलं. सध्या दिवसाआड पाच. त्याहून एकही जास्त नाही. यावर आईचं बारीक लक्ष असतं.

आता आमचे रविवारचे फोन बदललेत. ते त्यांचे पाच सांगतात, मी माझे साठ. माझं काही बिघडलं की ते विचारतात, "चाप ओढल्यावर थांबलास का?" थांबलेलो नसतो. हे त्यांना साताऱ्यात बसून कसं कळतं, देव जाणे.

परवा जत्रेला गेलो होतो. फुग्यांच्या स्टॉलवर अण्णांनी सवयीने सांगितलं, "लांब नळीची दे रे." स्टॉलवाल्याने दिली. अण्णांनी डोळ्याला लावली, खाली घेतली, परत लावली. "माशी वाकडी आहे हिची," म्हणाले आणि परत केली. मग बाजूची आखूड बंदूक उचलली, जिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. माशी सरळ होती. दहातले सात फुगे गेले.

"जोर पुरला का, अण्णा?" मी मुद्दाम विचारलं.

"फुग्याला कितीसा लागतो," ते म्हणाले आणि खांदा चोळत उसाच्या रसाच्या गाडीकडे निघाले.